टाकीखालची वीतभर वाट

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला : 'शिल्लक'. बँकेतली, धरणातली, आयुष्याच्या उतारावरची शिल्लक यांवर लिहिणारी मंडळी पुष्कळ निघतील, हे उघड होतं. मला आठवली ती मोटारसायकलच्या टाकीतली शिल्लक. इंजिन आचके देऊ लागलं की डावा हात न बघता गुडघ्याजवळ न्यायचा, टाकीखालची बारकी मूठ फिरवायची आणि पेट्रोल पंप येईपर्यंत निभावून न्यायचं. आज पंचविशीत असलेल्या कित्येकांनी ही मूठ हाताळलेली नाही. ती अजून रोज हाताळली जाते अशी जागा शोधत मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन बसलो.

उद्यमनगर म्हणजे ओतकाम, लेथ आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांची वसाहत. बाजारात न मिळणारा सुटा भाग इथे नमुना दाखवून करून घेता येतो. त्यामुळे जुन्या मोटारसायकली राखणाऱ्यांची इथे कायम ये-जा. ज्या शेडमध्ये मी बसलो तिथे एक बीडाच्या इंजिनाची बुलेट, एक येझदी आणि एक राजदूत अशा तिघी उभ्या होत्या. तिघींच्याही टाक्या उतरवून पोत्यावर पालथ्या घातलेल्या. शेडचे मालक साठीच्या पुढचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

"गाडी बंद पडली की लोक आधी प्लग काढत्यात," मिस्त्री म्हणाले. "मग पॉइंट घासत्यात. मग किका मारून मारून घामाघूम होत्यात. पेट्रोल खाली येतंय का न्हाई, हे कुणी बघतच न्हाई."

बघायची रीत सोपी आहे. कार्बोरेटरवरची नळी ओढून काढायची, तिचं तोंड बाटलीत धरायचं आणि टाकीखालची मूठ फिरवून कॉक उघडायचा. धार अखंड आणि एकसारखी पडली पाहिजे. इंजिनाला लागतं किती, याचा हिशेबही मनातल्या मनात करता येतो. लिटरला ४० किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० च्या वेगाने धावते तेव्हा तासाला दीड लिटर पिते, म्हणजे मिनिटाला २५ मिलिलिटर. धडधाकट कॉक याच्या कितीतरी पट पेट्रोल सोडतो. तरीही जुन्या गाड्या रस्त्यात उभ्या राहतात त्यांतल्या बऱ्याच या वीतभर वाटेवरच अडलेल्या असतात : टाकीचं झाकण, टाकी, कॉक, नळी आणि कार्बोरेटरचं तोंड. हौशी मालक पैसे ओततो रंगावर आणि क्रोमवर. गाडी चालणार की नाही, हे ठरतं त्याच्या खाली.

खोगिराची टाकी

पालथी टाकी पाहिली की तिचं गणित लगेच कळतं. वरून ती गुळगुळीत, एकसंध दिसते. खालून मात्र मधोमध लांबलचक बोगदा असतो. गाडीच्या सांगाड्याची मुख्य नळी त्या बोगद्यातून जाते आणि टाकी तिच्यावर खोगिरासारखी बसते. सुरुवातीच्या मोटारसायकलींना अशी टाकी नव्हती. सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये चपटा पत्र्याचा डबा अडकवलेला असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश कारखान्यांनी खोगीर टाकी सरसकट आणली आणि मोटारसायकलला आज आपण ओळखतो तो चेहरा मिळाला.

रूप आलं तसा एक पेचही आला. बोगद्यामुळे टाकीच्या तळाला डावं आणि उजवं अशी दोन पोटं झाली. पेट्रोल भरपूर असतं तोवर दोन्ही एकच. पातळी बोगद्याच्या माथ्याखाली गेली की दोन वेगळी तळी होतात. कॉक डाव्या पोटाला असेल तर उजव्या पोटातलं पेट्रोल तिथेच अडकून पडतं.

यावर वेगवेगळे तोडगे निघाले. अनेक ब्रिटिश गाड्यांना दोन कॉक असत. एक उघडा ठेवायचा, दुसरा बंद. पहिल्या बाजूचं पेट्रोल संपलं की दुसरा उघडायचा. दुसरं पोट हाच रिझर्व्ह. काही टाक्यांच्या दोन्ही पोटांना खालून एका आडव्या नळीने जोडलेलं असतं, म्हणजे दोन्हीकडची पातळी आपोआप एक राहते. टाकी उतरवताना ही नळी नवशिक्याच्या लक्षात राहत नाही आणि पेट्रोल थेट इंजिनावर सांडतं. तिसरा तोडगा मालकांनी स्वतःच शोधला. कॉक एकच असेल तर गाडी त्या बाजूला चांगली आडवी करायची, की पलीकडच्या पोटातलं पेट्रोल बोगद्यावरून इकडे येतं. चेतक स्कूटर आडवी करणारे वडील अनेकांना आठवतील. मोटारसायकल आडवी करणं तितकं सोपं नाही. बीडाची बुलेट एकट्याने आडवी करून परत उभी करणारा माणूस त्या पेट्रोलची किंमत जन्मभर विसरत नाही.

हे सगळं वरून खाली येतं ते निव्वळ स्वतःच्या वजनाने. पंप नाही, वीज नाही. टाकीतली पातळी कार्बोरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर उंच असेल तर पेट्रोलचा दाब साधारण वातावरणाच्या दाबाच्या पन्नासाव्या भागाइतका भरतो. मागच्या टायरमध्ये आपण हवा भरतो तिच्या शंभराव्या भागाइतका. आधाराला एवढंच बळ असल्यामुळे या वाटेवर कसलीच अडचण खपत नाही. नळी कुठे वर उचलली गेली की तिच्यात हवेचा बुडबुडा अडकतो. सिलिंडरच्या फिन्सना चिकटली की मे महिन्यात घाट चढताना आतल्या आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आंबोलीच्या अर्ध्यात बसते. "जास्तीचा फिल्टर बसवा" असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला मिस्त्री नकार देतात तेही याच कारणाने. मोटारीसाठी केलेला दाट कागदी फिल्टर पंपाच्या जोरावर चालतो. इथे तो पेट्रोलला नुसता अडवून धरतो. कॉकच्या वरच्या टोकाला असलेली बारीक पितळी जाळी वेळच्या वेळी धुतली तर पुरते.

मेन आणि रिझर्व्ह

पुष्कळांची समजूत अशी की रिझर्व्हची टाकी वेगळी असते. मिस्त्रींनी येझदीचं काम बाजूला ठेवून दुसराच एक कॉक उघडून दाखवला. आत दोन वाटा होत्या. एका वाटेवर बोटभर उंचीची पितळी नळी, टाकीच्या आत उभी राहणारी. दुसरी वाट म्हणजे तळाशी असलेलं साधं भोक. मूठ 'मेन'वर असते तेव्हा पेट्रोल उभ्या नळीच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की धार तुटते, पण टाकीत बोटभर पेट्रोल अजून असतंच. मूठ 'रिझर्व्ह'वर नेली की ते तळाच्या भोकातून यायला लागतं. शिल्लक वेगळी काढून ठेवलेली नसते. नळीची उंची ठरवते की कुठल्या पातळीला मालकाला जाग आणायची.

या सूचनेची वेळही बेतलेली असते. धार तुटली तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, त्यामुळे इंजिन एकदम मरत नाही. आधी खेच कमी होते, मग आचके येतात. त्या काही क्षणांत मूठ फिरवायची. बहुतेक गाड्यांत ती डाव्या बाजूला येते, कारण उजवा हात रेसवर अडकलेला असतो. सवय झालेला माणूस एसटीला मागे टाकता टाकता हे करतो आणि मागे बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

या व्यवस्थेत एक खोच आहे. पेट्रोल भरल्यावर मूठ परत मेनवर आणायची आठवण ठेवावी लागते. ती राहिली तर पुढच्या खेपेला गाडी सूचना न देता संपते. यंत्राने अर्धं काम केलं आणि अर्धं चालवणाऱ्यावर सोपवलं. काटा नाही, दिवा नाही. किती किलोमीटर झाले, घाट किती चढला, मागे कोण बसलं होतं, यावरून आत किती उरलं असेल हे ज्याने त्याने ओळखायचं. झाकण उघडून गाडी हलवून बघणं, टाकीवर बोटाने टकटक करून आवाज ऐकणं, हीही त्या काळची मोजमापं होती.

टू-स्ट्रोक गाड्यांना आणखी एक विधी होता. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या बनल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, पण कोल्हापूर-सांगली भागात त्या अजून हौसेने सांभाळल्या जातात. यांच्या इंजिनाला वेगळी ऑइलची वाट नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिली. ते मिसळावं म्हणून पंपावरून निघण्याआधी गाडी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे डोलवायची. पुढे येणाऱ्या गोष्टीत या ऑइलला महत्त्व आहे.

झाकणाचं भोक

गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपण एका कोपऱ्याला भोक पाडून थांबत नाही. समोरच्या कोपऱ्यालाही पाडतो, नाहीतर तेल भकभक करत येतं आणि मग अडतं. मोटारसायकलच्या टाकीलाही हेच लागू. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वर यावी लागते, आणि तिच्यासाठी झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. धूळ, पॉलिशची पेस्ट किंवा रंगवणाऱ्याच्या फवाऱ्याने ते बुजलं की एक चमत्कारिक आजार सुरू होतो. गाडी झकास सुरू होते, चार-पाच किलोमीटर जाते आणि थांबते. ढकलत गॅरेजपर्यंत आणावी तर पहिल्याच किकला चालू.

यामागचा हिशेब ढोबळ आहे, पण बोलका आहे. पेट्रोलला खाली ढकलणारा दाब मुळातच वातावरणाच्या पन्नासाव्या भागाइतका. टाकीतल्या हवेचा दाब तेवढाच घसरला की दोन्ही बळं फिटतात आणि धार थांबते. टाकीत पाच लिटर हवा असेल तर शंभर मिली पेट्रोल गेलं की ही वेळ येते. लिटरला ४० च्या हिशेबाने ते होतात चार किलोमीटर. गाडी उभी राहिली की हवा फटीफटीतून हळूहळू आत शिरते, म्हणून काही वेळाने आजार आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. मालक दरम्यान प्लग, कॉइल, कंडेन्सर बदलून बसलेला असतो.

मिस्त्रींची परीक्षा सोपी. बाटलीत धार धरायची, झाकण घट्ट लावून. धार बारीक होत गेली आणि झाकण उघडताच हुस्स आवाज होऊन पुन्हा जोर धरू लागली, तर टाचणी घ्यायची आणि भोक मोकळं करायचं. "ह्याचं बिल काय लावू सांगा," ते म्हणाले. "म्हणून टाचणी गिऱ्हाइकाच्याच हातात देतो."

बूच, पितळ आणि आटे

जुन्या ब्रिटिश कॉकच्या पोटात बूच असे, बाटलीला लावतात तेच. पितळी दांड्यावर बुचाची कडी चढवलेली. दांडा आत-बाहेर सरकवून वाट उघडायची किंवा बंद करायची. बूच पेट्रोलने ओलं राहतं तोवर फुगलेलं असतं आणि थेंबही जाऊ देत नाही. टाकी महिनोन्‌महिने कोरडी राहिली की ते आकसतं, आणि पुन्हा पेट्रोल भरलं की कॉक गळायला लागतो. अशा बुचाला उकळत्या पाण्यात घालून परत फुगवण्याची युक्ती गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

दुसरा प्रकार निमुळत्या पितळी कॉकचा. त्यात रबर नाही, बूच नाही. निमुळता पितळी गट्टू तशाच निमुळत्या घरात फिरतो आणि धातूवर धातू बसून बंद होतं. झिजला की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून गट्टू त्याच घरात फिरवून फिरवून बसवायचा. घाई केली की चर पडते आणि मग नवा गट्टू लेथवर करून घ्यावा लागतो. जपानी पद्धतीचे पुढचे कॉक स्वस्त मिश्रधातूच्या ओतीव अंगाचे. आत चार भोकांची रबरी चकती आणि वर स्प्रिंगची पत्री. यातलं काही घासायचं नसतं, चकती बदलायची.

खरी फसगत होते आट्यांपाशी. ब्रिटिश टाकीला बसणाऱ्या कॉकचा आटा पाव इंच बीएसपी म्हणवतो. व्हर्नियरने मोजला तर भरतो १३ मिलिमीटरच्या वर. हे माप आट्याचं नाहीच. ज्या गॅसच्या नळीला तो पाडत त्या नळीच्या आतल्या भोकाचं ते जुनं नाव. इंचाला १९ आटे आणि ५५ अंशांचा कोन. मिलिमीटरच्या मापाचा कॉक दोन फेरे त्यात गोडीत जातो, मग अडतो. पान्याने जोर लावला की टाकीचा आटा खलास. पितळ मऊ आणि टाकीचा पत्रा पातळ असल्याने इथे जोर उपयोगी पडत नाही. फायबरची वायसर नवी असावी, दोन्ही बाजू स्वच्छ असाव्यात आणि पाना हाताच्या अंदाजाने थांबावा. टेफ्लॉन टेपचा मिस्त्रींना राग आहे. तिचा केसाएवढा तुकडा सुटतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो आणि मग इंजिनाच्या नावाने बोंब होते.

कॉक बंद ठेवायचा तो निव्वळ गळतीसाठी नव्हे. कार्बोरेटरमधली निडल झिजली असेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला तर पेट्रोल झिरपत इंजिनात उतरतं. फोर-स्ट्रोकमध्ये ते ऑइलमध्ये मिसळून त्याला पातळ करतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या पोटात साचतं. सकाळी किक मारली की ती दगडासारखी अडते आणि जिन्याखाली पेट्रोलचा वास सुटलेला असतो.

गंज आणि आग

राजदूतच्या टाकीत बॅटरी मारली तेव्हा आत तांबूस खपल्यांचा थर दिसला. गाडी बरीच वर्षं अर्ध्या टाकीवर उभी होती. पेट्रोलखालचा पत्रा ठीक होता. वरचा, हवेला उघडा पडलेला, पावसाळ्यागणिक गंजत गेलेला. गंज झडतो, तळाशी बसतो, आणि रिझर्व्हचं भोक तळाशीच असतं. म्हणून कित्येक गाड्या मेनवर तक्रार करत नाहीत आणि रिझर्व्हला लागल्या की जेट चोंदतो.

सफाईची पहिली पायरी म्हणजे टाकीत खडी, नट किंवा जुनी साखळी टाकून ती हलवणं. तासन्‌तास हलवायला माणूस थकतो, म्हणून काही जण टाकी गोधडीत गुंडाळून सिमेंटच्या मिक्सरला बांधतात. मग अ‍ॅसिड. फॉस्फरिक असेल तर गंज विरघळतो आणि पत्र्यावर संरक्षक थर राहतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरलं तर गंजाबरोबर चांगला पत्राही खाल्ला जातो, आणि धुतल्यावर काही तासांत टाकी पुन्हा तांबडी होते. धुणं, सोड्याने अ‍ॅसिड मारणं, गरम हवेने वाळवणं आणि लगेच ऑइल फिरवणं, हे एका दमात व्हावं लागतं. कॉक आधी काढून ठेवायचा, नाहीतर अ‍ॅसिड पितळालाही सोडत नाही.

गळकी टाकी हा वेगळा विषय. रस्त्यात चीर पडली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी तिच्यावर घासून दाबायची. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही, त्यामुळे घरी पोचेपर्यंत चीर बंद राहते. वेल्डिंगला मात्र मिस्त्री स्वतः हात लावत नाहीत. ओळखीच्या एकाच कारागिराकडे टाकी जाते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती पेटायला हवाच कमी पडते. स्फोटाचं नेमकं मिश्रण जुळतं ते 'रिकाम्या' टाकीत. म्हणून कारागीर टाकी पुन्हा पुन्हा धुतो, मग तिच्यात काठोकाठ पाणी भरतो आणि चिरेपुरती जागा मोकळी ठेवून तिथेच पितळी टाका मारतो.

उसाचं पेट्रोल

येझदीचे मालक शिरोळकडचे ऊस बागायतदार. टाकी का उतरवावी लागली, ते मिस्त्रींनी बाटलीतून दाखवलं. बाटलीवर मापाच्या खुणा होत्या. तिच्यात शंभर मिली पेट्रोल घेतलं, दहा मिली पाणी टाकलं, बूच लावून खळखळून हलवलं आणि ठेवून दिलं. थोड्या वेळाने खालचा पाण्याचा थर दहाच्या खुणेवर नव्हता, तिशीच्या जवळ चढला होता. पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेलं होतं.

भारतात २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर दिसू लागलं आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. आता मका आणि तांदळापासूनही इथेनॉल होतं, पण आपल्याकडे त्याची ओळख उसाच्या मळीतून झाली. साखर कारखान्यांना त्याने दुसरं उत्पन्न दिलं, आयात तेलाचा थोडा भार हलका केला. नव्या गाड्यांची रबरं आणि नळ्या त्याच्यासाठी बदलल्या गेल्या. १९७० च्या दशकातल्या येझदीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाटलीत जे दिसलं तेच टाकीत होतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि ती काही मर्यादेपर्यंत पेट्रोलमध्ये विरघळवून धरतं. दहा टक्क्यांच्या लिटरभर पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी मावतं, वीस टक्क्यांत त्याहून जास्त. तोवर सगळं छान. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री थंडी पडून ती मर्यादाच खाली आली, की पाणी इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसतं. तळाशी म्हणजे रिझर्व्हच्या भोकापाशी. हा थर पत्रा गंजवतो, पितळ काळवंडवतो, ओतीव कॉकच्या अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी उठवतो. आणि टू-स्ट्रोकमध्ये तो जीवघेणा ठरतो, कारण ऑइल पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं. ज्या क्षणी चालवणारा रिझर्व्ह लावतो, त्या क्षणी इंजिनाला वंगण नसलेलं पाणीदार इथेनॉल मिळू लागतं. गाडी चाललीच तर पिस्टन धरतो.

रबराचे हाल वेगळे. जुनी चकती फुगते आणि मूठ फिरेनाशी होते. पारदर्शक प्लास्टिकची नळी आधी पिवळी, मग काडीसारखी कडक होते आणि टोकाशी तडकते. टाकीला आतून फासलेलं जुनं लुकण मऊ पडून सुटतं आणि त्याचे पापुद्रे जाळीवर बसतात. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, आणि त्याच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त प्राणवायू. नवी गाडी सेन्सरने हे ओळखून जास्त पेट्रोल सोडते. जुन्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे ठरलेल्या मापाचं भोक. तो आपल्या मापानेच देणार. मग इंजिन तापतं, आणि मिस्त्री एक माप मोठा जेट बसवतात.

"ऊस आमचाच," बागायतदार हसत म्हणाले. "तक्रार तरी कुणाकडं करायची?"

भरून ठेवायची की रिकामी?

पूर्वी एक नियम सर्वमान्य होता. पावसाळ्यात गाडी वापरणार नसाल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. हवेला जागा नाही, म्हणून गंज नाही. बूचही ओलं राहतं. आता तोच नियम उलटा फिरलाय. काठोकाठ भरलेली टाकीसुद्धा झाकणाच्या भोकातून श्वास घेते. दिवसा तापून हवा बाहेर टाकते, रात्री निवून ओल आत ओढते. गगनबावड्याच्या बाजूला तर पावसाळ्यात भिंतींनाही पाझर फुटतो. चार महिन्यांनी त्या टाकीत काय असेल, ते बाटलीत दिसलंच.

म्हणून मिस्त्री दोन प्रकारची उत्तरं देतात. गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरत असेल तर भरती ठेवा, पेट्रोल ताजं राहील. महिन्यांसाठी उभी करणार असाल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल इंजिनानेच संपू द्या, टाकी पूर्ण रिकामी करा, वाळवा आणि आतून ऑइलचा हात फिरवा. बुचाचा कॉक असेल तर बूच आकसणार, म्हणून ते काढून व्हायटॉनची ओ-रिंग बसवा. हे फ्लोरिन असलेलं रबर इथेनॉलला दाद देत नाही. दांड्याला तिच्या मापाची खाच लेथवर पाडून घ्यावी लागते, आणि ते काम दोन गल्ल्या सोडून होतं.

नियम बदलला, पण त्याच्याकडे जायची वाट तीच राहिली. आत काय आहे, ते कुठून येतं, हवा कुठून शिरते, पाणी कुठे बसतं, हे मालकाला माहीत असलं पाहिजे. या टाक्या आणि कॉक बनवणाऱ्यांनी मालकाला तसं गृहीतच धरलं होतं. मधल्या काळात पेट्रोल इतकं सरळ झालं की ते ज्ञान नसलं तरी भागायचं. उसाच्या पेट्रोलने ते पुन्हा गरजेचं केलं.

बाटलीभर उसनं

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानकं आली आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. आता टाकीच्या पोटात विजेचा पंप असतो आणि तो साधारण तीन बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. पातळी काटा सांगतो. कॉक उरलेला नाही, त्यामुळे तो गळत नाही, विसरला जात नाही, अडकत नाही. रोज साठ किलोमीटर जाऊन कामावर पोचायचं आहे त्याने जुन्या मुठीसाठी हळहळावं, असं मला वाटत नाही.

एक सोय मात्र तिच्याबरोबर गेली. रस्त्यात कुणी गाडी ढकलत चालला असेल तर थांबायचं, आपली नळी ओढायची, पाण्याची बाटली खाली धरायची, कॉक उघडायचा. पाच मिनिटांत अनोळखी माणूस पंपापर्यंत जाण्याच्या स्थितीत येई. पैसे घ्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. चोरांनाही हीच सोय होती, हेही खरं. थिएटरबाहेर लावलेली गाडी कोरडी झालेली अनेकांनी पाहिली आहे. इंजेक्शनच्या गाडीतून बाटलीभर काढायचं तर टाकी उघडावी लागते किंवा झाकणातून नळी घालून तोंडाने ओढावं लागतं, आणि पेट्रोल घशात-फुप्फुसात जाण्याचा धोका पाहता ते कुणी करू नये.

येझदीची टाकी बसली. मिस्त्रींनी गाडी लगेच ताब्यात दिली नाही. त्यांनी बागायतदारांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बोलावलं, कारण यापुढे गाडी तीच चालवणार होती. तिच्याकडून नळी काढवली, बाटलीत धार धरायला लावली, झाकण लावून आणि उघडून धार बघायला लावली. मग डोळे मिटून मूठ बंद, मेन, रिझर्व्ह अशी फिरवायला सांगितली. ती दुसऱ्यांदा चुकली, तिसऱ्यांदा नाही. शेवटी गाडी डोलवून तिनेच किक मारली.

बिलावर वडील थबकले. क्रोमच्या आकड्याशेजारी कॉकच्या दुरुस्तीचा आकडा अगदीच किरकोळ होता. एवढ्याशा वायसर-रिंगसाठी गाडी इतके दिवस अडकली होती का, असं त्यांनी विचारलं.

"गाडी लोकांना दाखवायची असंल तर क्रोम," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आणि पोरीला नरसोबाच्या वाडीला जाऊन परत यायचं असंल तर वायसर."